वाचकांचे प्रश्न : छोट्या पाणबुडीचे कवच कशाचे असावे?

हौसेने स्वतः बांधलेल्या एक-दोन माणसांच्या पाणबुड्या अमेरिकेत आणि युरोपात गेली साठेक वर्षे पाण्यात उतरत आहेत. अमेरिकी नौदलातून निवृत्त झालेले कॅप्टन जॉर्ज किट्रेज यांचे के-२५० आणि के-३५० हे आराखडे त्यांत विशेष प्रसिद्ध आहेत. नावातील आकडा हा फुटांत मोजलेल्या खोलीचा आहे. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख कवचाच्या धातूवर आहे, म्हणून तेवढाच भाग या वेळी घेतला आहे. परवानगीविषयी एकदाच सांगतो. महाराष्ट्र सागरी मंडळ, तटरक्षक दल आणि नौदल यांना लेखी विचारल्याशिवाय असे कोणतेही यान खाडीतसुद्धा उतरवू नये.

मी यंत्र अभियंता आहे. दोन माणसांसाठी, सुमारे ५० मीटर खोलीपर्यंत जाणाऱ्या पाणबुडीचा आराखडा करतो आहे. साधे पोलाद, उच्च ताकदीचे पोलाद आणि अॅल्युमिनियम यांपैकी काय निवडावे? — एक वाचक, सांगली

साधे पोलाद निवडावे, आणि त्यातही बॉयलर क्वालिटीची, म्हणजे वाफेच्या बॉयलरसाठी बनवलेली प्लेट घ्यावी. याचे कारण मात्र आपल्या प्रश्नात गृहीत धरलेल्या कारणाहून वेगळे आहे.

आपण ताकदीपासून सुरुवात केली आहे. मी एका नळीपासून करतो. एक मीटर व्यासाची, ६ मिलिमीटर पत्र्याची, आत आधाराचे एकही गोल कडे नसलेली लांब नळी समुद्रात १० मीटर खाली नेली, तर तिच्यावर साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतका दाब येतो. त्या दाबाने पत्र्यात उत्पन्न होणारा ताण सुमारे ०.८५ किलो प्रति चौरस मिलिमीटर असतो, आणि साध्या पोलादाची यील्ड मर्यादा, म्हणजे ज्या ताणापुढे धातू कायमचा वाकतो ती, २५ किलोच्या आसपास असते. म्हणजे ताकदीचा जेमतेम तिसावा भाग वापरला गेला. तरीही ही नळी तिथपर्यंत पोहोचत नाही. गणिताने ती साडेनऊ मीटरच्या आसपासच चेपते. बाहेरून दाबलेली पातळ नळी पत्रा फाटून निकामी होत नाही, तिचा गोल आकार मोडतो आणि मग ती क्षणात सपाट होते. आकार टिकवण्याचे काम धातूची ताकद करत नाही, त्याचा ताठरपणा करतो, म्हणजे पाठ्यपुस्तकातला यंगचा गुणांक. तो साध्या पोलादाचा आणि पाणबुड्यांसाठी अमेरिकी नौदल वापरत आलेल्या एचवाय-८० या पोलादाचा जवळजवळ सारखाच असतो. दुप्पट ताकदीची, कितीतरी महाग आणि वेल्डिंगला अतिशय नखरेल अशी ती प्लेट आणून हीच नळी केली, तर तीही साडेनऊ मीटरलाच चेपेल.

आता त्याच नळीत दर ४० सेंटिमीटरवर एक पुरेसे भक्कम कडे वेल्ड करा. दोन कड्यांमधला पत्रा चेपायला लागणारा दाब कागदावर ३९० मीटरच्या पलीकडे जातो, आणि मग प्रथमच धातूची ताकद आडवी येते, कारण ३०० मीटरच्या सुमारास पत्रा यील्ड होऊ लागतो. पत्रा तोच, वेल्डरही तोच, फक्त कडी घातली. हे आकडे निर्दोष गोल नळीचे आहेत. प्रत्यक्षातली नळी तशी नसते, आणि कड्यांची स्वतःची मापे, तसेच सगळी कडी पत्र्यासकट एकदम चेपण्याची शक्यता, यांचे गणित स्वतंत्रपणे करावे लागते. अशा कवचाला मी कागदी खोलीच्या एक तृतीयांशापलीकडे नेणार नाही. आपल्या ५० मीटरसाठी तेवढे भरपूर आहे.

अॅल्युमिनियमच्या बाजूने एक खरी गोष्ट सांगितली पाहिजे. त्याचा ताठरपणा पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असला तरी त्याचे वजनही तितकेच कमी असते, आणि चेपण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. त्यामुळे ६ मिलिमीटर पोलादाच्या जागी साडेआठ मिलिमीटर अॅल्युमिनियम घेतले, तर तोच विरोध निम्म्या वजनात मिळतो. १९६४ साली रेनॉल्ड्स कंपनीने ‘अॅल्युमिनॉट’ ही खोल समुद्रात जाणारी पाणबुडी अॅल्युमिनियमची बांधून घेतली, ती याच हिशेबाने.

परंतु आपल्याला वजन कमी करायचे आहे का, हा प्रश्न बहुतेक हौशी मंडळी स्वतःला विचारतच नाहीत. एक मीटर व्यासाची, तीन मीटर लांबीची नळी आणि दोन्ही टोकांना अर्धगोल धरले, तर ती २.८८ घनमीटर जागा व्यापते आणि सुमारे २.९५ टन समुद्राचे पाणी बाजूला सारते. बुडायचे असेल तर तिचे एकूण वजन तितकेच भरले पाहिजे. सहा मिलिमीटर पत्र्याचे कवच सुमारे ५९० किलो होते. कडी, मनोरा, झाकण, बॅटऱ्या, मोटरी, हवेच्या बाटल्या आणि दोन धडधाकट माणसे असे सगळे उदारपणे मोजले, तरी काटा दोन टनांच्या पुढे सहसा जात नाही. उरलेले टनभर शिसे तळाशी बांधावे लागते. अॅल्युमिनियम वापरून आपण जे तीनशे किलो वाचवाल, ते शिशाच्या रूपाने पुन्हा विकत घ्याल. त्यापेक्षा पत्रा ८ किंवा १० मिलिमीटरचा घेतला, तर तेच वजन कवचाच्या कामी येते आणि गंजासाठीही थोडे मांस शिल्लक राहते. काही शिसे मात्र हवेच, कारण संकटात आतून पेच फिरवून सोडून देता येईल असे वजन तळाशी असणे हा पृष्ठभागावर परतण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग असतो.

वेल्डिंगचा मुद्दाही अॅल्युमिनियमच्या विरोधात जातो. आपल्याकडे सहज मिळणारे ६०६१-टी६ हे मिश्रधातू उष्णतेच्या प्रक्रियेने कडक केलेले असते. वेल्डच्या आजूबाजूला ती प्रक्रिया पुसली जाते आणि यील्ड निम्म्याहून खाली येते. ५०८३ या जातीचे नुकसान कमी होते, पण त्यालाही चांगला टिग किंवा मिग वेल्डर हवा. भोसरीत किंवा अंबरनाथला बॉयलर क्वालिटीच्या प्लेटवर ७०१८ इलेक्ट्रोडने रेडिओग्राफीत, म्हणजे क्ष-किरण तपासणीत, पास होणारी शिवण घालणारा वेल्डर आपल्याला शोधल्यावर मिळेल. त्याच्या हाताला सवय असलेला धातू निवडणे हा कमीपणा नव्हे.

प्लेट घेताना टेस्ट सर्टिफिकेट मागावे आणि त्यावरचा हीट नंबर, म्हणजे धातूच्या ओतीचा क्रमांक, प्लेटवर ठोकलेल्या नंबराशी स्वतः ताडून पाहावा. ‘साहेब, तोच माल आहे’ या वाक्यावर विश्वास ठेवू नये.

आमच्या ओळखीच्या भंगारवाल्याकडे गॅसची एक मोठी जुनी टाकी आहे. ती १७ किलो दाबाला तपासलेली आहे. म्हणजे १७० मीटरपर्यंत चालेल ना? — एक वाचक, भिवंडी

चालणार नाही. आतला दाब आणि बाहेरचा दाब या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत असे वाटणे स्वाभाविक आहे, पण तसे नाही. आतून दाब दिला की टाकी अधिक गोल होते. फुग्याप्रमाणे प्रत्येक पोचा बाहेर ढकलला जातो. बाहेरून दाबले की प्रत्येक पोचा वाढतो. मी ज्या कारखान्यात नोकरीला होतो, तिथे आतून पाच किलो दाब आरामात सोसणारी एक उभी टाकी वाफेने धुऊन झाल्यावर कोणीतरी हवा आत-बाहेर जाण्याचा वरचा व्हेंट बंद केला. वाफ थंड होऊन तिचे पाणी झाले, आत जवळजवळ निर्वात पोकळी झाली, आणि बाहेरच्या नुसत्या हवेने, म्हणजे एका किलोहूनही कमी दाबाने, ती टाकी मुरगळलेल्या टूथपेस्टच्या नळीसारखी झाली. रेल्वेचे टँकरही असे बसल्याची उदाहरणे आहेत.

आपल्या टाकीची जाडी, व्यास आणि दोन्ही टोकांमधले अंतर कळवल्याशिवाय ती किती खोली सोसेल हे सांगता येणार नाही, पण १७ या आकड्याचा त्या उत्तराशी काही संबंध नाही. शिवाय जुन्या टाकीचा धातू कोणता, आतून किती खाल्ला गेला आहे आणि कोणी कुठे ठिगळ मारले आहे, हे बाहेरून दिसत नाही. तिच्यातून एखाद्या गोष्टीचा मोह धरायचाच असेल तर डिश एंडचा, म्हणजे टोकाच्या वाटीसारख्या भागाचा धरावा, तोही अल्ट्रासॉनिक मीटरने जागोजाग जाडी मोजून आणि त्याचा आकार खरोखर किती खोलगट आहे हे पाहून. उथळ डिश एंड बाहेरच्या दाबाखाली अर्धगोलापेक्षा फार लवकर आत बसतो. आणि गॅसची जुनी टाकी कापण्यापूर्वी ती पाण्याने पूर्ण भरून घ्यावी. अशा टाक्या कापताना माणसे गेली आहेत.

आम्ही फायबरच्या होड्या बांधतो. साचा आमच्याकडे आहे, कारागीर आहेत. फायबरची किंवा कार्बन फायबरची पाणबुडी का करू नये? — एक वाचक, मालवण

आपल्या कारागिरांचा पाणबुडीत उपयोग आहे, फक्त दाब सोसणाऱ्या कवचात नाही. पाणबुडीला बाहेरून जो सुबक आकार दिसतो, त्याच्या आत-बाहेर पाणीच असते. बुडताना पाणी आणि तरंगताना हवा भरायच्या बाजूच्या बॅलास्ट टाक्याही तळाशी उघड्या असतात आणि बुडाल्यावर त्यांच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब असतो. तिथे फायबर उत्तम. तो गंजत नाही, हलका असतो, हवा तसा वळतो, आणि त्याला तडा गेला तर कोणी मरत नाही. पूर्ण उघडी, पाण्याने भरलेली आणि आतल्या माणसांनी श्वासाची उपकरणे लावून चालवायची ‘ओली’ पाणबुडीही आपण फायबरची करू शकता; मात्र तिच्यात बसणारा प्रत्येक जण प्रशिक्षित पाणबुड्याच असावा लागतो.

दाबकवचाची गोष्ट निराळी आहे. फायबरचे तंतू ताण सोसण्यात पटाईत असतात, दोरी असते तसे. दाबाखाली मात्र सगळा भार तंतूंना सरळ धरून ठेवणाऱ्या राळेवर आणि थरांमधल्या चिकटपणावर येतो. हाताने घातलेल्या थरांत हवेचे बुडबुडे राहतात, आणि होडीत ते क्षम्य असतात. दाबकवचात प्रत्येक बुडबुडा ही थर सुटण्याची सुरुवात ठरू शकते, आणि तो रोलर फिरवणाऱ्याला दिसत नाही.

कार्बन फायबरविषयी १८ जून २०२३ नंतर फारसे सांगायला नको होते, पण पत्रे येतात म्हणून सांगतो. ‘टायटॅनिक’च्या अवशेषांकडे, म्हणजे सुमारे ३,८०० मीटर खोलीकडे निघालेल्या ‘टायटन’ या यानाचे कवच पाच इंच जाडीच्या कार्बन फायबरच्या नळीचे होते. ती नळी एकेक इंचाच्या पाच थरांत बनवली होती आणि तिच्या टोकांना टायटॅनियमची कडी चिकटवली होती. यान आत चेपले आणि पाचही जण गेले. यानाला कोणत्याही वर्गीकरण संस्थेचे, म्हणजे जहाजांची बांधणी तपासणाऱ्या संस्थेचे, प्रमाणपत्र नव्हते, आणि अमेरिकी तटरक्षक दलाच्या चौकशी मंडळाने २०२५ च्या अहवालात ही दुर्घटना टाळता येण्याजोगी होती असे म्हटले. माझ्या मते त्यातला धडा कार्बन फायबर कमकुवत आहे असा नाही. ते यान आधी त्या खोलीला जाऊन परतही आले होते. पोलादाला पोचा पडला तर तो डोळ्यांना दिसतो, बोटाला लागतो, पट्टीने मोजता येतो. थरांच्या आत सुटलेला चिकटपणा वरून गुळगुळीत आणि चकचकीतच दिसतो, आणि प्रत्येक फेरीत थोडा वाढतो. दोष दाखवणारा धातू आणि दोष लपवणारा पदार्थ यांत मी पहिला निवडतो.

भारताची ‘मत्स्य ६०००’ टायटॅनियमची आहे. शास्त्रज्ञांनी पोलाद नाकारले, मग आपण ते का घ्यावे? — एक विद्यार्थी, नाशिक

फार चांगला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर तुला स्वतःच वहीत मांडता येईल. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या या यानात तीन माणसे बसण्याचा गोल २.१ मीटर व्यासाचा आणि ८० मिलिमीटर जाडीचा आहे. आतला व्यास २.१ मीटर धरला तर तो गोल सुमारे ६.२ टन पाणी बाजूला सारतो. टायटॅनियमच्या मिश्रधातूचे कवच सुमारे ५.३ टन भरते, म्हणजे तो गोल स्वतः तरंगतो आणि माणसे व उपकरणे यांना थोडी जागा उरते. त्याच जाडीचे पोलाद घेतले तर वजन ९.४ टन होते. असा गोल दगडासारखा बुडतो आणि त्याला वर आणण्यासाठी भोवती तरंगणाऱ्या फोमचा डोंगर बांधावा लागतो. ६,००० मीटर खोलीवर हलकेपणाला सोन्याची किंमत असते. ५० मीटरवर, सांगलीच्या वाचकांना दाखवले त्याप्रमाणे, आपण हलकेपणा शिसे बांधून फेकून देतो.

आणि शास्त्रज्ञांनी पोलाद नाकारलेले नाही. याच प्रकल्पात २०२१ साली ६०० मीटरपर्यंत तपासलेला माणसांचा गोल साध्या माइल्ड स्टीलचा होता.

स्टेनलेस स्टील वापरले तर गंजाची कटकटच संपेल ना? — एक वाचक, इचलकरंजी

दुधाच्या टाकीत संपते, समुद्रात नाही. ३०४ ही जात तर नकोच, आणि ३१६ या जातीलाही खाऱ्या पाण्यात खड्डे पडतात, विशेषतः ओ-रिंग या रबरी कड्याच्या खाचेत, वॉशरखाली, शेवाळाच्या थराखाली, जिथे प्राणवायू पोहोचत नाही. साधे पोलाद सगळीकडून सारखे आणि हळू गंजते व दिसते. स्टेनलेस एका टाचणीएवढ्या जागी आरपार जाऊ शकते. बाहेर एपॉक्सी रंग आणि जस्ताचे अॅनोड लावलेले साधे पोलाद, प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुतले, तर अनेक वर्षे टिकते. झाकणाची बैठक जिथे घासते तेवढ्या भागावर स्टेनलेसचा थर वेल्डने चढवणे मात्र रास्त आहे.

खिडकी किंवा पुढचा घुमट पारदर्शक हवा आहे. अॅक्रिलिक आणि काच यांत काय घ्यावे? साइनबोर्डवाल्याकडचे जाड अॅक्रिलिक चालेल का? — एक वाचक, पणजी

अॅक्रिलिकच घ्यावे. काच दाब उत्तम सोसते, पण बैठकीच्या कडेवर एक खडा आला तरी इशारा न देता फुटते. अॅक्रिलिक थोडे वाकते, भार पसरवते आणि आधी बारीक चंदेरी रेघा दाखवते. त्याच्यावर अमेरिकी नौदलात इतके काम झाले की १९७० साली ‘नेमो’ नावाच्या यानाचे अख्खे दाबकवचच अॅक्रिलिकचे केले गेले. १२ पंचकोनी तुकडे गरम करून वळवले आणि जोडून ६६ इंच व्यासाचा, अडीच इंच जाडीचा गोल बनवला. त्या संशोधनातून माणसे बसणाऱ्या दाबपात्रांसाठीचे पीव्हीएचओ-१ हे मानक पुढे आले, आणि आपण खिडकीचे एकेक माप त्यातूनच घ्यावे, स्वतःच्या अंदाजाने नव्हे.

साइनबोर्डसाठी मिळणारी शीट बहुतेकदा एक्स्ट्रूड केलेली, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेली असते, ती नको. सेल-कास्ट, म्हणजे साच्यात ओतून केलेली शीट हवी, उत्पादकाच्या प्रमाणपत्रासह. कडा लेझरने कापल्या तर तिथे ताण कोंडून राहतो आणि नंतर रेघा उमटतात. म्हणून यंत्रावर सावकाश कापावे, पॉलिश करावे आणि ओव्हनमध्ये अॅनील करून, म्हणजे तापवून हळू थंड करून, आतला ताण काढून घ्यावा. खिडकी शंकूच्या आकाराची, रुंद बाजू बाहेर अशी केली, तर पाणी तिला जितके दाबेल तितकी ती बैठकीत घट्ट बसते. अॅक्रिलिक उष्णतेने पोलादाच्या सहापट प्रसरण पावते, तेव्हा तिला बोल्टने आवळून जखडू नये. धरून ठेवणारे कडे फक्त ती पडू नये इतकेच काम करते. थिनर, स्पिरिट, पेट्रोल किंवा बाजारातला काच पुसण्याचा फवारा तिच्याजवळ नेऊ नये. साबणाचे सौम्य पाणी पुरे. गोव्याच्या मे महिन्यात किनाऱ्यावर उभ्या पाणबुडीवर पांढरे कापड टाकावे, कारण मऊ पडलेले अॅक्रिलिक पुन्हा पूर्वीसारखे होत नाही. अशा शंकूच्या खिडकीचे आयुष्य मानकात १० वर्षे धरतात; अकराव्या वर्षी ती कितीही स्वच्छ दिसली तरी बदलावी.

काँक्रीटची पाणबुडी शक्य आहे का? — एक वाचक, सोलापूर

शक्य आहे. काँक्रीटला दाब मानवतो आणि अमेरिकी नौदलाने १९७० च्या दशकात काँक्रीटचे पोकळ गोल वर्षानुवर्षे समुद्राच्या तळाशी ठेवून तपासले. पण झाकण, खिडकी आणि शाफ्टची भोके जिथे येतात तिथे काँक्रीट व पोलाद यांचा सांधा नीट करणे हे पोलादाचे अख्खे कवच बांधण्यापेक्षा कठीण आहे. तळाशी एका जागी ठेवायच्या वस्तूसाठी ठीक. फिरायच्या यानासाठी मी त्या वाटेला जाणार नाही.

कवच तयार झाले. ते सुरक्षित आहे हे कसे ओळखावे? — सांगलीचे वाचक, दुसऱ्या पत्रात

पहिली गोष्ट गोलाई. वर्गीकरण संस्थांच्या नियमांत साधारणतः त्रिज्येच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतचा बाक क्षम्य धरतात. आपल्या ५०० मिलिमीटर त्रिज्येला ते अडीच मिलिमीटर होतात. रोलिंगवाल्याच्या मशीनवर पत्र्याची दोन्ही टोके सरळ राहतात आणि उभ्या शिवणीजवळ नळी आंब्याच्या कोयीसारखी टोकदार होते. ते टोक आधी प्रेसमध्ये वळवून घेतल्याशिवाय शिवण घालू देऊ नये. प्रत्येक कड्यापाशी आणि दोन कड्यांच्या मध्ये सर्व बाजूंनी मोजून आकडे वहीत लिहावेत, कारण पुढे कधी पोचा पडल्याची शंका आली तर तुलनेला तीच वही लागेल.

शिवणींची रेडिओग्राफी किंवा अल्ट्रासॉनिक तपासणी करावी. कड्यांच्या आणि मनोऱ्याच्या कोपऱ्यातल्या वेल्डला डीपी टेस्ट, म्हणजे रंगीत द्रव लावून तडे शोधणे, पुरते. गणित मात्र स्वतःवर सोडू नये. मुंबईत पवईला इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग या भारतीय वर्गीकरण संस्थेचे मुख्यालय आहे. प्रमाणपत्राचा खर्च झेपला नाही, तरी दाबपात्रांचे काम केलेल्या त्रयस्थ अभियंत्याकडून आराखडा तपासून घ्यावा, आणि तो आपला मित्र नसावा.

शेवटची परीक्षा रिकाम्या पाणबुडीची. वजने भरून, झाकण लावून, आत एकही माणूस नसताना तिला केबलवर ठरवलेल्या खोलीच्या सव्वापट, म्हणजे आपल्या बाबतीत साडेबासष्ट मीटर, खाली सोडून तासभर ठेवावी. आत कड्यांच्या मध्ये दोन भिंतींना टेकेल अशी हलकी लाकडी पट्टी उभी करावी. वर आल्यावर ती वाकलेली किंवा मोडलेली दिसली, तर कवच आत आले होते हे कळते. इतकी खोली कोकणात किनाऱ्याजवळ मिळणार नाही. मुंबई हायजवळ, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर गेल्यावरही पाणी ७५ मीटरच्याच आसपास असते. तेव्हा त्या चाचणीसाठी बार्ज, क्रेन आणि परवानग्या यांचा खर्च प्लेट विकत घेण्यापूर्वीच अंदाजपत्रकात लिहावा. तो बसत नसेल तर खोली ५० ऐवजी १५ मीटर ठरवावी, चाचणी १९ मीटरला करावी, आणि जिथे तळच त्याहून खोल नाही अशाच पाण्यात उतरावे.